धूळमोजणीचा टँकर

माणूस आत घेतलेला श्वास परत सोडतो, पण त्याच्याबरोबर आत गेलेली सगळी धूळ परत सोडत नाही. या दोहोंतल्या फरकावर माझं पोट चाललं. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "नोकरी कसली?" मी म्हणालो, "श्वासावाटे छातीत किती धूळ बसते ते मोजण्याची." त्यांनी माझ्या वडिलांकडे वळून विचारलं, "सरकारी आहे ना?" आहे म्हटल्यावर पुढचं बोलणं सुरळीत झालं.

काम समजायला अवघड नाही. हवेतली जाड धूळ नाकातच अडते, तिची फार काळजी करायची नसते. त्याहून बारीक ती घशात नाहीतर श्वासनळीत चिकटते आणि खोकल्याबरोबर वर ढकलली जाते. वाईट ती, जी डोळ्याला दिसतच नाही. ती फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. तिथं हवा जवळजवळ थांबलेली असते, आणि बंद खोलीतल्या टेबलावर बसावी तशी धूळ तिथं बसते. तिथं फडकं मारायला मात्र कुणी जाऊ शकत नाही. दगडाची धूळ असली तर फुप्फुस वर्षावर्षाने घट्ट होत जातं आणि धट्टाकट्टा माणूस चार पावलं चालून पायरी शोधायला लागतो.

नांदेडला आमच्या खात्याची एक लहानशी प्रयोगशाळा होती आणि तिच्यात एक परदेशी पेटी होती. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडात नळी द्यायची. नळीतल्या हवेवर पेटीत उजेडाची तिरीप पडे, धुळीचे कण तिच्यात चमकत आणि त्या चमकण्यावरून काटा हले. आत जाताना किती, बाहेर येताना किती, हे दोन आकडे मिळाले की वजाबाकी करायची. तिसरीतलं पोर करील अशी ती वजाबाकी. पण तिच्यासाठी सरकारने एक जीप, एक ड्रायव्हर, एक डॉक्टरसाहेब आणि मला ठेवलं होतं.

पेटी आली तेव्हा तिचं उद्घाटन झालं. हवेतले बारीक कण पकडणाऱ्या यंत्रासमोर उदबत्तीचा अख्खा पुडा लावण्यात आला, वर कापूर. काटा जो चढला तो कार्यक्रम संपेपर्यंत उतरला नाही. पहिला श्वास मंत्रिमहोदयांनी घ्यायचा असं ठरलं होतं. महोदयांनी दाराशीच सिगारेट विझवली होती, त्यामुळे छातीत धुराचा भरपूर साठा होता. त्यांनी नळीत श्वास सोडला आणि वजाबाकी उलटी आली. आमचे डॉक्टर मोठे धोरणी. ते म्हणाले, "साहेब, आपण घेतलं त्यापेक्षा जास्त दिलंत." टाळ्या पडल्या. महोदयांनी भाषणात तोच धागा पकडला आणि समाजाकडून आपण घेतलं त्यापेक्षा जास्त दिलं हे आज विज्ञानानेही मान्य केलं, असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पेटीची काच पुसत बसलो.

या कामातली खरी अडचण यंत्राची नसते. कुणालाही "नेहमीसारखा श्वास घ्या" म्हणावं, की तो नेहमीसारखा सोडून बाकी कसाही घेतो. गडीमाणसं तालमीत उतरल्यासारखी छाती फुगवतात. शिक्षक मंडळी प्राणायाम सुरू करतात. बायका श्वास घेणं हीच काही चोरी असल्यासारखा अगदी वरच्यावर घेतात. खोल आणि संथ घेतला तर धूळ जास्त बसते, उथळ घेतला तर कमी. म्हणजे आकडा माणसाच्या लाजेचाच यायचा.

यावर तोड आमच्या ड्रायव्हरने, युसूफभाईंनी काढली. ते मूळचे अर्धापूरचे. समोरच्याच्या तोंडात नळी आहे, त्याला उत्तर देता येत नाही, अशा श्रोत्याची ते जन्मभर वाट पाहत होते. मी चिमटा लावला की ते समोर उकिडवे बसत. "सुनो बाई, हमारे अर्धापुरात एक पाटील होता. त्याच्या केळीच्या बागेत रोज कोन घुसतंय..." हळूहळू समोरच्या माणसाचं लक्ष श्वासावरून उडून पाटलाच्या केळीत जाई, आणि मी आकडे टिपून घेई. गोष्ट कधीच पुरी होत नसे, कारण आकडे मिळाले की मी नळी काढायचो. केळी कोण चोरत होतं, हे मलाही आजतागायत माहीत नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला आधी पाट्या लागतात, मग कार्यालयं लागतात, मग कार्यालयांना इमारती आणि इमारतींना खडी. पाणी या यादीत कितव्या जागी होतं, कुणास ठाऊक. पाऊस रुसलेला होता, विहिरींच्या तळाची माती भेगाळली होती आणि लोहा-अहमदपूरच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं दिसत. बांधकामं मात्र जोरात होती. त्यांच्या खडीसाठी लातूर गावाच्या कडेला खडी मशीन बसवलेली होती. मोठे दगड वरून टाकायचे, खालून खडी पडायची आणि वाऱ्यावर पांढरी भुकटी निघायची. मशीनला अगदी लागून बौद्ध मंडळींची एक वस्ती होती. भुकटी तिथल्या पत्र्यांवर, भाकरीवर आणि माणसांवर बसे. वस्तीने तक्रार केली. नव्या जिल्ह्याकडे मोजायला पेटी नव्हती, म्हणून नांदेडची पेटी मागवली गेली. दर बुधवारी जायचं, वारा वेगवेगळा असताना मोजायचं आणि मग अहवाल द्यायचा, असं ठरलं.

बांधकामाकडच्या उपअभियंत्यांना मी आधी जाऊन भेटलो. ते म्हणाले, "मोजणीच्या दिवशी आम्ही पाणी मारून घेऊ. बाहेरगावची मंडळी येणार, परिसर कसा टापटीप दिसला पाहिजे."

"साहेब, पाणी मारलं तर धूळ बसेल. मग मी मोजू काय?"

"तुम्ही मोजा हो. नाही उडाली तर नाही उडाली म्हणून लिहा."

पहिल्या बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा टँकर आमच्या आधी आलेला होता. मागे भोकांचा आडवा पाइप होता, रस्त्यावर सडा मारायचा. टँकरवाल्याने पाणी सोडलं मात्र, वस्तीतून हंडे, कळश्या, डबे, एक पितळी घंगाळ असं सगळं घेऊन बायका धावत आल्या. पुढे गयाबाई होत्या. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला.

टँकरवाला खाली उतरून म्हणाला, "मावशी, हे सडा मारायचं पानी हाय. प्यायचं न्हाई."

"जमिनीला पाजून राहिलास ते? तिला कवा लागली तहान?"

"साहेबांची आर्डर हाय."

"साहेबाला सांग, मारलं म्हून. आमी बी सांगतो. ये गं, घंगाळ इकडं धर."

बघता बघता टँकर रिकामा झाला. रस्त्यावर सांडलं ते उन्हाने चाटून टाकलं. खडी मशीन सुरू झाली, भुकटी उडाली आणि मी मोजणी केली. दुपारी उपअभियंता नाकाला रुमाल लावून आले. "पाणी मारलं?"

"मारलं साहेब," टँकरवाला म्हणाला.

"मग रस्ता कोरडा कसा?"

"ऊन लई हाय ना साहेब," गयाबाईंनी सांगितलं. साहेबांनी आकाशाकडे पाहिलं. ऊन होतंच.

मग गयाबाई स्वतः पेटीसमोर बसल्या. युसूफभाईंनी पाटलाची केळी सुरू केली आणि मी आकडे घेतले. नळी काढल्याबरोबर त्या म्हणाल्या, "यांचं ऱ्हाऊ द्या. माझ्या छातीत किती ऱ्हायली ते सांगा."

मी सांगितलं, की या दगडाच्या बारीक भुकटीतली बरीचशी आत राहते.

"खोकून पडत न्हाई का?"

"जाड असती तर पडली असती. ही फार बारीक आहे."

त्यांनी घराकडे पाहिलं. मशीनला सगळ्यात जवळचं घर त्यांचंच. दारात त्यांची सून, छाया, भांडी घासत होती. सातवा लागून गेलेला दिसत होता. "तिचं पहिलंच हाय," गयाबाई म्हणाल्या. "माझी छाती गेली तर जाऊ द्या, वापरून झाली. पर लेकरू जन्माला यायच्या आत ही मशीन हालली पायजे. तुमच्या डब्यानं होतंय का तेवढं?"

मी म्हणालो, "डबा आकडा देतो. हलवणारे दुसरे."

त्या म्हणाल्या, "मंग आकडा तरी चांगला दणदणीत द्या."

आमच्या फेऱ्या चालू झाल्या आणि एक गोष्ट वस्तीच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा तेव्हा यायचा. त्याच्या वेळापत्रकावर फक्त तो भरणाऱ्यांचा विश्वास होता. धुळीचा टँकर मात्र बुधवारी हटकून यायचा, कारण त्याच्यामागे साहेबांची टापटीप होती. आमची जीप वळणावर दिसली की हंड्यांची रांग लागलेली असे. मोजून घ्यायला माणसं आपण होऊन बसत. एका म्हातारीने मला कळकळीने सांगितलं, "एकडाव मोजून काय कळतंय तुमास्नी? रोज येत जा." पलीकडच्या गल्लीतले काही लोक तर आमच्याकडेही धूळ मोजा म्हणून मागे लागले. त्यांच्याकडे धूळ नव्हती. मी तसं म्हटल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "न्हाई तर न्हाई, साहेब. पर न्हाई ते बी मोजावंच लागंल की." उपअभियंत्यांशी याची चांगली दोस्ती झाली असती.

युसूफभाई परत येताना म्हणायचे, "साब, अपना डब्बा धूळ मोजतंय का पानी निकालतंय?"

ठरलेल्या मोजण्या संपल्या. डॉक्टरांनी नांदेडला मला बोलावून विचारलं, अहवाल कधी? आकडे गयाबाईंनी मागितले होते तसे दणदणीतच होते. पण अहवाल दिला की मोजणी संपणार, मोजणी संपली की टँकर संपणार. हे मी पुढच्या बुधवारी वस्तीत सांगितलं. विहाराच्या ओट्यावर बायका जमल्या आणि भांडणं जुंपली.

"आता उन्हाळ्याच्या तोंडाला पानी सोडायचं म्हंता का?"

"आन् धूळ खात बसायचं व्हय?"

"इतकी वर्सं खाल्ली. चार महिने आनखी खाऊ. पाऊस पडला की लिवा म्हनावं अहवाल."

"तुझं घर लांब हाय, तुला काय जातंय बोलायला?"

छाया भिंतीला टेकून बसली होती. तिला नववा लागला होता आणि बसतानाही धाप लागत होती. गयाबाई मध्ये पडून म्हणाल्या, "पानी म्या दोन कोसावरून डोक्यावर आनीन. हवा कशात भरून आनू?" त्या माझ्याकडे वळल्या. "लिवा साहेब. आता बास."

मी अहवाल दिला. खडी मशीन वस्तीपासून दूर हलवावी, असं त्यात सरळ लिहिलं होतं. उपअभियंत्यांनी तो बारकाईने वाचला, हे मान्य केलं पाहिजे. प्रत्येक मोजणीआधी पाणी मारलं होतं, असं त्यांच्या दप्तरी होतं. मोजणीत धूळ भरपूर होती, असं माझ्या अहवालात होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांनी निष्कर्ष काढला, की पाणी कमी पडतंय. मशीन होती तिथंच ठेवावी, टँकर एकाचे दोन करावेत आणि फेरमोजणी घ्यावी.

वस्तीला हसावं की रडावं कळेना. फेरमोजणीच्या आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यात छाया बाळंत झाली, मुलगी झाली. बुधवारी सकाळी तिला घरी आणलं. आम्ही पोचलो तेव्हा दोन टँकर उभे होते आणि बायका हंडे बाजूला ठेवून उभ्या होत्या. पहिल्या टँकरला एकाही बाईने हात लावला नाही. गयाबाई टँकरवाल्याला म्हणाल्या, "हे सगळं मार. दारापासनं मशीनपर्यंत. भिंतीवर बी मार." ज्या बायका गयाबाईंशी तावातावाने भांडल्या होत्या, त्याच पुढे होऊन कुठं कोरडं राहिलं ते दाखवत होत्या. हंडे भरले ते दुसऱ्या टँकरवर, आणि तेही निम्मेच. उरलेलं पुन्हा रस्त्यावर मारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिथं मातीचा ओला वास आला.

त्या दिवशी उपअभियंता सकाळीच हजर होते. पेटीचा काटा त्यांनी स्वतः वाकून पाहिला. काटा खाली होता. मी म्हणालो, "साहेब, हा आजच्या दिवसाचा आकडा आहे. आज पाणी खरोखर मारलंय."

"म्हणजे आधी मारत नव्हते?"

टँकरवाला आपल्या चपलांकडे पाहत होता. गयाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "आज जास्त मारलंय." एवढंच मला सुचलं. साहेब समाधानाने गेले. पुढच्या बुधवारच्या आत कागद आला: धूळ आटोक्यात, तक्रार निकाली. धूळच नाही, तर पाणी कशाला, म्हणून दोन्ही टँकर बंद.

तो कागद घेऊन मी वस्तीत गेलो. मशीन धडधडत होती आणि भुकटी पूर्वीसारखीच उडत होती. गयाबाईंच्या घराची दारं-खिडक्या लावून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. आत उकाड्यात बाळंतीण आणि लेकरू. गयाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"एक दिस पानी मारलं, त्येच आमच्या अंगावर आलं म्हना की."

"हो."

"या आख्ख्या गावात चांगली हवा हाय तरी कुठं?"

हे मला माहीत होतं. फेरमोजणीच्या आकड्याशी तुलना करायला म्हणून त्याच सकाळी मी बांधकाम खात्याच्या नव्या इमारतीत, उपअभियंत्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात पेटी लावली होती. इमारतीचं उद्घाटन आठवड्यावर आलेलं होतं. फरशी दोनदा पुसलेली, पुढे हिरवळ लावलेली आणि दुष्काळात ती हिरवी राहावी म्हणून तिला नळी जोडलेली. काटा जवळजवळ हललाच नव्हता. मी तसं सांगितलं.

"नळाला पानी बी हाय तिथं?"

"आहे."

"बाळंतिनीला चालंल का ती हवा?"

मला वाटलं, त्या सहज विचारतायत. मी म्हणालो, "उत्तम चालेल."

दुपारी मी पेटी आवरायला नव्या इमारतीत गेलो, तर व्हरांड्यात बाज टाकलेली होती. तिच्यावर कान बांधून छाया बसली होती. दोन नव्याकोऱ्या खांबांना लुगड्याची झोळी बांधून तिच्यात लेकरू झोपलं होतं. फीत बांधायच्या कठड्यावर दुपटी वाळत होती. बाजेखाली शेगडी आणि शेगडीत ओव्याची धुरी. वस्तीतल्या बायका भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या.

उपअभियंता खोलीतून बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"हळू बोला साहेब," गयाबाई म्हणाल्या. "लेकरू आत्ताच निजलंय."

"हे सरकारी कार्यालय आहे."

"व्हय की. हवा लई चांगली हाय तुमची. मोजलेली हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत हिला?"

"मी फक्त आकडा सांगितला, साहेब."

शिपायाला पाठवून पोलीस बोलावला गेला. पोलीस आला, झोळीत डोकावला, "मुलगा का मुलगी?" म्हणून विचारलं आणि मुलगी म्हटल्यावर "बरं झालं, लक्ष्मी आली," म्हणून पलीकडे विडी ओढायला गेला. ओल्या बाळंतिणीला उचलून बाहेर काढायचं कलम त्याला आठवत नव्हतं आणि त्याने आठवायचा प्रयत्नही केला नाही. धुरी दाराखालून साहेबांच्या खोलीत शिरत होती. साहेब खोकत बाहेर आले, उन्हात उभे राहिले, पुन्हा आत गेले. "काय पाहिजे तुम्हाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मशीन हालली की आमी हाललो. घाई न्हाई. सव्वा महिना बाळंतिनीला बाहेर नेत न्हाईत आमच्यात."

उद्घाटन आठवड्यावर होतं. मंत्रिमहोदय तेच, आमच्या पेटीत जास्तीचं दिलेले. कठड्यावर दुपटी आणि महोदयांच्या हातात कात्री, हे चित्र साहेबांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. दुसऱ्या दिवशी खडी मशीन बंद झाली. तिसऱ्या दिवशी ती सुटी करून ट्रकवर चढवायला लागले. तिचा पट्टा उतरलेला स्वतः पाहून आल्यावरच गयाबाईंनी झोळीची गाठ सोडली. व्हरांडा झाडून, शेगडीची राख हिरवळीवर टाकून बायका घरी गेल्या. "प्रशासकीय सोयीसाठी मशीनचं स्थलांतर," असं दप्तरी लागलं. धुळीचा त्यात उल्लेख नव्हता. दप्तराच्या हिशेबाने तिथं धूळ कधी नव्हतीच.

माझ्या सगळ्या नोकरीत त्या पेटीने एकही खडी मशीन जागची हलवली नाही. दाल मिलमध्ये, जिनिंगमध्ये, रस्त्याच्या कामांवर मी माणसांच्या छात्या मोजल्या. अहवाल सुबक होते, पोचपावत्या वेळेवर मिळत. ज्यांच्या छातीत ती धूळ आजही आहे, त्यांतल्या कितीजणांना आपला आकडा कळला असेल, याचा विचार मी निवृत्त झाल्यावर करायला लागलो. नोकरीत असताना तो करायची सोय नव्हती.

वस्तीजवळची मशीन हलली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पुन्हा लातूरला जायचं पत्र आलं होतं. जाताना वस्तीवरून जाऊ म्हणून जीप वळवली. गयाबाई दारात नातीला तेल लावत होत्या. घराच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांनी चहा टाकला आणि विचारलं, "आज बुधवार न्हाई. कुणीकडं?"

मी सांगितलं, मशीन आता पलीकडच्या वाडीजवळ बसवलीय. वाडीने तक्रार केलीय. तिथली धूळ मोजायला चाललोय.

नातीला मांडीवर पालथी घालून त्या तिची पाठ चोळू लागल्या. मग म्हणाल्या, "डबा लावा, काय न्हाई. पर वाडीत आधी इचारून ठेवा, कुनाचे दिस भरत आलेत."